पहिला नकाशा कुणाचा?

लॅपटॉपवर एक यादी उघडलेली आहे. ‘मूळ इंजिन, फ्री-फ्लो सायलेन्सर.’ त्याखाली ‘फ्री-फ्लो सायलेन्सर, मोकळा फिल्टर.’ त्याखाली ‘रेसचा कॅम, मोकळा फिल्टर, रेसचा सायलेन्सर.’ शेजारी इंटरसेप्टर ६५० मोटारसायकल स्टँडवर उभी; टाकी काढून गोणपाटावर ठेवलेली, सीट भिंतीला टेकवलेली, वायरिंगचा गुंता उघडा पडलेला. समजा, मालकाने दोन पगारांत सायलेन्सर आणि फिल्टर बदलले आणि तिसऱ्या पगारात थोडा चढा, म्हणजे झडपा जास्त उघडणारा, कॅमशाफ्ट टाकला. आता ईसीयूच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या कॉम्प्युटरच्या, वायरीत मध्येच बसवलेली, साबणाच्या वडीएवढी डबी त्याला विचारते आहे, सुरुवात कोणत्या मॅपपासून करू?

यादीतल्या एकाही ओळीत त्याची गाडी नाही. एक ओळ अलीकडे राहते, दुसरी पलीकडे जाते.

गंमत अशी की डबीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, हे यंत्र चालता चालता स्वतःच शिकतं. स्वतःच शिकणार असेल तर त्याला आधी कुणाचा तरी मॅप कशाला हवा? हा प्रश्न गॅरेजमध्ये विचारला तर मिस्त्री हसून पाना पुसायला लागतो. तोच प्रश्न जुन्या शास्त्र्यांपुढे ठेवला असता तर ते सरसावून बसले असते, कारण त्यांचं निम्मं आयुष्य याच भांडणात गेलं आहे.

इंधनाचा मॅप म्हणजे साधा आकड्यांचा तक्ता. आडवे इंजिनाचे फेरे, मिनिटाला हजारापासून सात-साडेसात हजारांपर्यंत. उभा थ्रॉटल किती उघडा ते, शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत. प्रत्येक चौकोनात एक आकडा: मूळ ईसीयू जेवढं पेट्रोल सोडणार होता त्यात किती टक्के वाढवायचं किंवा घटवायचं. दुरून पाहिलं तर पाढ्यांचा तक्ता वाटावा. सायलेन्सर आणि फिल्टर मोकळे केले की इंजिन जास्त हवा ओढतं. पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण ‘लीन’ होतं. गाडी तापते, एक्सलेटर सोडला की मागे फटाके फुटतात आणि जास्तच ताणलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. उलट पेट्रोल वाढलं की ‘रिच’; प्लग काजळतो, ॲव्हरेज पडतं, न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइल पातळ करतं. शुद्ध पेट्रोलच्या एका ग्रॅमला पुरतं जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पूर्ण ताकद काढायची असेल तर हे प्रमाण १३ च्या आसपास आणतात, म्हणजे मुद्दाम थोडं रिच.

आणि शिकणं? बेंड पाइपमध्ये एक ‘वाइडबँड’ जातीचा ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. इंजिन तक्त्यातल्या ज्या चौकोनातून जात असेल त्या क्षणी धुरात किती ऑक्सिजन उरला ते तो पाहतो, ठरवून दिलेल्या लक्ष्याशी ताडतो आणि त्या चौकोनातला आकडा दोन टक्के खाली, चार टक्के वर असा सरकवतो. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, रविवारी लवासाचा रस्ता. आठवड्याभरात तक्त्याचा बराचसा भाग नव्या आकड्यांनी भरतो.

पण सेन्सरला काम करायला आधी शेकडो अंश तापावं लागतं. त्याच्या पोटात हीटर असतो, तरी स्टार्टर दाबल्यावरचे पहिले काही क्षण तो आंधळा असतो. इंजिन मात्र पहिल्याच फेऱ्याला पेट्रोल मागतं. तोवर कुणाच्या तरी शब्दावर चालावं लागतं.

‘शब्द’ हा इथे सहज आलेला शब्द नाही. न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं, आप्तवाक्य. मॅपची निवड करायला बसलेला माणूस या चौघांनाही एकाच बैठकीत कामाला लावतो. ‘माझी गाडी या दुसऱ्या ओळीतल्या गाडीसारखी आहे’ हे उपमान. ‘कॅम चढा आहे, म्हणजे वरच्या फेऱ्यांत जास्त पेट्रोल लागणार’ हे अनुमान. यादीतले मॅप हा शब्द. सेन्सर हे प्रत्यक्ष, ते सर्वांत शेवटी येतं.

पुण्यात हा विषय भूगोलातच मांडून ठेवलेला आहे. वेताळ टेकडीच्या कोथरूडकडच्या अंगाला एआरएआय आहे, १९६६ साली सुरू झालेली वाहन-संशोधनाची संस्था. देशातल्या गाड्यांचा धूर तिथे मोजला जातो, प्रमाणित होतो. त्याच डोंगररांगेच्या लॉ कॉलेज रस्त्याकडच्या पायथ्याशी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९१७ सालचं. न्यायाच्या परिभाषेचा आजही हाताशी ठेवावा असा ‘न्यायकोश’ भीमाचार्य झळकीकरांनी केला. त्याची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती याच मंदिराने काढली. टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांना एका बाजूला इंजिनांचा आवाज येतो आणि दुसऱ्या बाजूला पोथ्यांची कपाटं असतात. ‘मोजणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा?’ हा प्रश्न मात्र दोन्ही उतारांवर सारखाच.

सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. तो मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राचा पंडित. त्याचं म्हणणं असं, की ज्ञान झालं की ते आधी खरंच धरायचं असतं. प्रत्येक ज्ञानाला खरेपणाचा दाखला दुसऱ्या ज्ञानाकडून आणायला लागलो तर त्या दुसऱ्याला तिसऱ्याचा दाखला लागेल, तिसऱ्याला चौथ्याचा, आणि माणूस उंबऱ्यातच अडकेल. म्हणून प्रामाण्य ‘स्वतः’, ज्ञानाच्या अंगचंच. खोटेपणा तेवढा बाहेरून कळतो, आणि तोही दोनच वाटांनी: एक तर उलटं सांगणारं दुसरं ज्ञान येऊन आदळलं, किंवा ज्या साधनातून ते ज्ञान आलं त्यातच दोष सापडला. त्याला शास्त्रात ‘कारणदोष’ म्हणतात. काविळीच्या रोग्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, हे त्याचं घोटून गुळगुळीत झालेलं उदाहरण.

नैयायिकांना, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांना, हे पटलं नाही. त्यांच्या मते ज्ञान खरं की खोटं ते त्याच्या भरवशावर पाऊल टाकल्यावर ठरतं. पाणी दिसलं, चालत गेलो, ओंजळ भरली, तहान भागली; मग ते पाणी. ओंजळ कोरडी राहिली तर मृगजळ. वात्स्यायनाने न्यायसूत्रावरच्या भाष्याची सुरुवातच या मुद्द्याने केली आणि चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने त्यावर इतका बारीक कीस काढला की पुढची काही शतकं पंडितांना तो पुरला.

मॅप निवडताना माणूस कुमारिलाच्या मताने इंजिन चालू करतो आणि नैयायिकाच्या मताने रस्त्यावर उतरतो, असं म्हणून हे भांडण गोडीत मिटवता येईल. पण गाडी तेवढ्यावर सोडत नाही.

कारण सेन्सरलाही कावीळ होते. बेंड पाइप जिथे हेडला बसतो तिथलं गॅस्केट जरासं गळकं असलं, तर धुराच्या लाटांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो. तो कळवतो, मिश्रण लीन आहे. डबी पेट्रोल वाढवते. इंजिन प्रत्यक्षात व्यवस्थित होतं, ते आता रिच झालं. फार आखूड, सरळसोट सायलेन्सर लावला की कमी फेऱ्यांत मागच्या टोकाकडून हवा उलटी आत शिरते आणि गॅस्केट धड असूनही तीच गत होते. याहून वाईट म्हणजे मिश्रण इतकं रिच झालं की गाडी मिस मारायला लागली. मिस मारली म्हणजे त्या फेरीतलं पेट्रोल जळलं नाही, म्हणजेच त्या फेरीतला ऑक्सिजनही जळायचा राहिला. सेन्सर फक्त ऑक्सिजन पाहतो. न जळालेलं पेट्रोल त्याच्या हिशेबात नाही. तो ओरडतो, लीन! डबी आणखी पेट्रोल ओतते. गाडी आणखी मिस मारते. साक्षीदार प्रामाणिक, न्यायाधीश तत्पर आणि निकाल दर वेळी आणखी चुकीचा.

‘शंका असेल तेव्हा रिच बाजूचा मॅप घ्या’ असा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. तो बराचसा बरोबर आहे. लीन चुकलं तर पिस्टन जातो. रिच चुकलं तर प्लग काढून पुसावा लागतो. ज्या चुकीतून परत येता येतं ती चूक आधी पत्करावी, हे शहाणपण खरंच आहे. पण त्यालाही कडा आहे, आणि ती कडा ओलांडली की दुरुस्तीचं यंत्रच बिघाड वाढवत नेतं. भाबड्या माणसाच्या श्रद्धेचं पुष्कळदा असंच होतं. नवस फळला नाही, तर नवस कमी पडला. मग आणखी मोठा नवस.

तुकोबांनी खऱ्याखोट्याच्या निवाड्याला बहुमत बाजूला ठेवून मनाची ग्वाही घेतली, हे मराठी माणूस अभिमानाने सांगतो. पण त्या ग्वाहीदाराला त्यांनी आधी किती तापवलं होतं, दुष्काळात, दिवाळ्यात, डोंगरावरच्या एकांतात, हे सांगायचं राहून जातं. थंड सेन्सरची ग्वाही कुणी घेत नाही.

मग गळकं गॅस्केट ओळखायचं कसं? इथे कुमारिलाचा ‘कारणदोष’ नैयायिकाच्या ‘पाऊल टाकून बघा’पेक्षा जास्त कामाला येतो. गाडी पळवून पाहिली तर ती पळते. जरा सुस्त वाटते इतकंच, आणि सुस्तपणाची कारणं पन्नास. जाणता मिस्त्री आकड्यांकडे बघतच नाही. थंड इंजिन चालू करून तो जोडाजवळ हात धरतो, फुसफुस ऐकतो, काजळीची रेघ शोधतो. आधी साधन तपासतो, साधनाने काय सांगितलं ते मागाहून. कार्ब्युरेटरच्या काळात याच माणसाचा बाप किंवा उस्ताद प्लग काढून उजेडात धरायचा: काळाकुट्ट असेल तर जेट लहान कर, पांढराफटक असेल तर मोठा कर, भाजलेल्या बिस्किटाचा रंग आला की हात लावू नको. त्याच्याकडे वाइडबँड सेन्सर नव्हता. पण प्लगचा रंग, धुराचा वास, आवाज आणि ॲव्हरेज हे चार साक्षीदार त्याच्या चौकशीत वेगवेगळे उभे राहत. कुमारिलही म्हणतोच, की पडताळा तीन-चार ज्ञानांपलीकडे नेण्याची गरज सहसा पडत नाही.

आप्त कुणाला म्हणावं याची वात्स्यायनाने केलेली व्याख्या फार मोकळी आहे. ज्याने ती वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याला इच्छा आहे तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. जात नाही, पद नाही, आश्रम नाही. नाना पेठेतला हात काळे असलेला मिस्त्री या व्याख्येत बसतो आणि चकचकीत शोरूममधला सल्लागार कदाचित बसत नाही. यादीतल्या मॅपलाही हीच कसोटी लावायची. ज्याने हा मॅप केला त्याने असा कॅम, असा सायलेन्सर लावलेली गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, खरोखर चढवली होती का? की दोन मॅपच्या मधले आकडे अंदाजाने भरले? आणि त्याची इच्छा सांगायची होती, की विकायची?

खरी अडचण पुढेच आहे. मॅपच्या फाइलवर कुणाचं नाव नसतं. ‘बेस मॅप १’, ‘बेस मॅप २’. जणू ते कुणी केलेलेच नाहीत, यंत्रासोबत आपोआप आलेले. मीमांसकांनी वेदांबद्दल नेमका हाच युक्तिवाद केला होता. सांगणाऱ्याच्या अज्ञानामुळे किंवा लबाडीमुळे शब्दात दोष शिरतो. वेद अपौरुषेय, त्यांना कर्ताच नाही. मग दोष येणार कुठून? कुमारिलाचं सगळं चोख तर्कशास्त्र याच मुक्कामाला पोहोचायला निघालेलं आहे, आणि इथेच त्याचा हात सोडावासा वाटतो. नैयायिक निदान म्हणाले, वेद खरे, कारण ते सांगणारा ईश्वर आप्त आहे. म्हणजे कर्ता त्यांनी ठेवला, जाब विचारायला जागा ठेवली.

मॅपला कर्ता असतो, आणि कर्त्याला गाव असतं. त्याचं गाव समुद्रसपाटीला असेल. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर साडेतेराशेवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी. फक्त फेरे आणि थ्रॉटल पाहणाऱ्या तक्त्याला, दाबाचा वेगळा सेन्सर नसेल तर, पसरणीचा घाट चढल्याचं कळतच नाही. तो खालच्याच हिशेबाने पेट्रोल सोडत राहतो आणि वर पोहोचेपर्यंत गाडी घुसमटते. त्याच्या पंपावरचं पेट्रोलही वेगळं असेल. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं, आणि त्यात महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा वाटा लहान नाही. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच्या एका ग्रॅमला जेमतेम ९ ग्रॅम हवा पुरते. वीस टक्के मिसळलेल्या पेट्रोलचं प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास उतरतं. निव्वळ पेट्रोलवर तयार झालेला मॅप इथे आणून टाकला तर तो पहिल्या दिवसापासून आठेक टक्के लीन चालणार. सांगलीच्या उसाने दुसऱ्या देशातल्या आकड्याला खोटं पाडलं, असं म्हणायला हरकत नाही.

यात एक नाजूक वळण आहे. सेन्सरला १४.७ हा आकडा माहीतच नाही. हवा कमी पडली, जास्त झाली, की बरोबर पुरली, एवढंच त्याला कळतं. या पुरेपणाच्या मापाला लॅम्डा म्हणतात. पुरेपूर म्हणजे एक. पेट्रोल असो की निम्मं इथेनॉल, लॅम्डा एक म्हणजे एकच. पडद्यावर १४.७ दिसतो तो माणसाच्या सवयीखातर केलेला अनुवाद. टाकीत इथेनॉलमिश्रित पेट्रोल असतानाही मीटर १४.७ च दाखवतो आणि माणूस समाधानाने मान डोलावतो. नाव एक, वस्तू दुसरी. आपल्याकडच्या वेदान्त्यांना हे उदाहरण मिळालं असतं तर त्यांनी दोरी आणि सापाला थोडी विश्रांती दिली असती.

आता त्या दोन ओळींकडे परत यावं लागेल. जवळचा मॅप निवडला आणि राहिलेलं अंतर शिकण्यावर सोडलं, तर काय बिघडतं? बऱ्याचदा काहीच नाही. पण अशा डब्यांत शिकण्याला सहसा कुंपण घातलेलं असतं. एका चौकोनातला आकडा दहा-पंधरा-वीस टक्क्यांपलीकडे आपोआप सरकू द्यायचा नाही, अशी ती मर्यादा. कुंपण शहाणपणाचंच आहे; सेन्सर वेडा झाला तरी इंजिन वाचावं म्हणून घातलेलं. मात्र मूळ मॅप फारच दूरचा असेल तर आकडे कुंपणाला टेकून उभे राहतात. ओळीच्या ओळी ‘अधिक वीस’, ‘अधिक वीस’. हे दिसलं की समजायचं, इथे दुरुस्तीची गोष्ट संपली, आता मॅप बदलण्याची गोष्ट आहे.

महाराष्ट्राच्या धर्मविचारात दुरुस्ती करणारी आणि मॅप बदलणारी, अशी दोन्ही माणसं होऊन गेली आहेत. न्यायमूर्ती रानडे आणि १८६७ साली मुंबईत निघालेला प्रार्थना समाज यांचा भरवसा दुरुस्तीवर होता: आहे तो वारसा सोडायचा नाही, संतांच्या साक्षीने एकेक चौकोन सरकवत न्यायचा. डॉ. आंबेडकरांनीही आधी तेच करून पाहिलं. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, २ मार्च १९३० ला सुरू झालेला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह, हे सगळे त्या व्यवस्थेला आतून प्रश्न विचारून पाहण्याचे प्रयत्न होते. आकडे कुंपणाला टेकले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर मात्र घाई नाही. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे मधे एकवीस वर्षं. त्या काळात त्यांनी इतर धर्म अभ्यासले, शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला, बाजूला ठेवला. मोटारसायकलच्या तक्त्याशी या गोष्टीची तुलना फार ताणू नये. तिथे पिस्टन नव्हे, माणसं जळत होती. पण ‘जवळचा मॅप घ्या, बाकी हळूहळू जुळेल’ हा सल्ला कोणत्या ठिकाणी तोकडा पडतो, ते यापेक्षा स्पष्ट दिसणं अवघड.

आणखी एक गोष्ट इथेच उघडी पडते. दुरुस्तीला लक्ष्य लागतं. आपण कुठे पोहोचायचं आहे हे सेन्सर सांगत नाही. ते दुसऱ्या तक्त्यात आधीच लिहिलेलं असतं. सावकाश चालताना लॅम्डा एकच्या जवळ, थ्रॉटल पूर्ण उघडला की ०.८७-०.८८, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला जरा जास्तच पेट्रोल, कारण ते आतून गारवा देतं. हे आकडे यंत्राने शोधलेले नाहीत. ‘स्वतः शिकणारं’ यंत्र साधनं सुधारतं. साध्य त्याला कुणीतरी दिलेलं असतं. बुद्धानेही कालाम लोकांना परंपरा, ग्रंथ, गुरू यांपैकी कशावरही विसंबून मानू नका, स्वतः तपासा, असं सांगितलं. पण कशाच्या उजेडात तपासायचं तेही सांगितलं, याने अहित होतं की हित. लक्ष्य तिथेही दिलेलंच आहे. आंबेडकरांनी १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात म्हटलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली. म्हणजे नकाशा आणि नकाशा पारखायची कसोटी, दोन्ही एकाच ठिकाणाहून आली. तर्काच्या मास्तराला हे वर्तुळ वाटेल. वर्तुळ आहेच; पण त्याच्या बाहेर उभं राहून निवड करणारा माणूस अजून कुणी पाहिलेला नाही.

लक्ष्य कोण ठरवतं याला एक रोकडी बाजूही आहे. ०.८७ ला ताकद मिळते ती चालवणाऱ्याला. कार्बन मोनॉक्साइड मागच्या स्कूटरवाल्याला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाजोगे फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे वाचलं. रेसच्या ट्रॅकवरची गोष्ट वेगळी, सिंहगड रस्त्याची वेगळी. डबीला हा फरक कळत नाही, तिच्या तक्त्यात मागच्या माणसासाठी रकाना नाही.

आणि शब्द की स्वानुभव, हा मूळ प्रश्न अजून उभाच आहे. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत परमतत्त्वाला एका श्वासात दोन विशेषणं लावली: वेदांनी ज्याचं प्रतिपादन केलं ते, आणि जे स्वतःच स्वतःला जाणतं ते, ‘स्वसंवेद्य’. शब्द आणि स्वानुभव, दोन्ही एकाच नमनात. तत्त्वाबद्दल ते ठीक. यंत्राला स्वसंवेद्य म्हणायला मात्र बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची हरकत आहे. प्रमाणं इतर सगळं सिद्ध करतात, पण प्रमाणांना कोण सिद्ध करतं, असं त्याने ‘विग्रहव्यावर्तनी’त विचारलं. दिवा जसा इतर वस्तूंबरोबर स्वतःलाही उजळतो तसं प्रमाणाचं आहे, असं कुणी म्हणालं तर तो विचारतो: दिव्यात अंधार होता कुठे, की त्याने तो उजळावा?

न्यायसूत्रांनी या जातीच्या शंकेवर दिव्यापेक्षा साधा दाखला ठेवला आहे, तराजूचा. तराजू सोनं तोलतो तेव्हा तो प्रमाण. पण तराजूचीच शंका आली, की ज्याचं वजन पक्कं माहीत आहे असं सोनं पारड्यात टाकून तराजू तपासतात. तेव्हा तो प्रमेय. तीच वस्तू, वेगळी वेळ. कायमचं मोजणारं असं काही नाही, आणि कायमचं मोजलं जाणारंही नाही.

गॅरेजमध्ये याचं रूप फार साधं असतं. वाइडबँड सेन्सर बसवण्याआधी, आणि पुढेही अधूनमधून, बेंड पाइपमधून काढून मोकळ्या हवेत टांगतात. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के; हे माप कुठल्याही कंपनीचं नाही. सेन्सर वायरीला लोंबकळतो आहे, जवळपास पेट्रोलचा डबा नाही, दुसरी गाडी चालू नाही, पंखा बंद. मिनिटभर हीटर तापू द्यायचा, मग डबीला सांगायचं, हे जे तुला आत्ता दिसतं आहे ते एवढं. त्या मिनिटात कुणी बोलत नाही. मिस्त्री गॅस्केटचा जोड पुन्हा एकदा बोटाने चाचपतो.

मग सेन्सर परत पाइपात जातो आणि निवड होते. रेसच्या कॅमची ओळ नाही, तिच्या अलीकडची. पण सगळ्या चौकोनांत आठ टक्के वाढवून, कारण पंपावर इथेनॉल आहे. हे मिस्त्रीच्या सांगण्यावरून. त्याने अशी एक गाडी याआधी केली आहे, आणि त्याला यात विकायचं काही नाही. स्टार्टर दाबल्यावर इंजिन दोनदा अडखळतं, धरतं.

महिन्याभराने तक्ता उघडला तर वीस ते चाळीस टक्के थ्रॉटल, अडीच ते चार हजार फेरे, हा भाग पुरता बदललेला दिसतो. सिग्नल, गल्ल्या, कात्रजचा चढ, सगळं त्यात मुरलेलं. आकडे एकमेकांना धरून, वर-खाली उड्या नाहीत. त्याखालच्या ओळींत तुरळक काही हललेलं, एखाद्या रविवारी महामार्गावर मोकळं सापडलं त्याची खूण. उजवीकडचा खालचा कोपरा, शंभर टक्के थ्रॉटल आणि सात हजार फेरे, कुणी गेलंच नाही तिथे. जिथे पिस्टन जायचा तर तिथेच जाईल, त्या चौकोनांतले आकडे आले तसेच आहेत. आठ टक्के मिस्त्रीचे, बाकीचे ज्याचं नाव फाइलवर नाही त्याचे.